काचेतली धग, लाखो उघडझापा : हायब्रीड अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना ते थांबणे आठवत असेल. बटण फिरवले की लगेच काही होत नसे. आधी तबकडीमागचा दिवा लागे, मग पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसू लागे आणि पंधरावीस सेकंदांनी खरखरीतून निवेदकाचा आवाज हळूहळू वर येई. ट्रान्झिस्टर आला आणि ते थांबणे संपले. आज तीच तांबूस काच पुन्हा दिवाणखान्यात आली आहे. नवल असे की ती ज्याच्या शेजारी येऊन बसली आहे, तो सोबती तिच्या अगदी उलट स्वभावाचा आहे : अंगाने लहान, हाताला थंड आणि सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणारा. पुढच्या टप्प्यात निर्वात नलिका आणि मागच्या टप्प्यात क्लास डी अशी ही जोडी एकाच पेटीत बसवली की तिला हायब्रीड इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. इंटिग्रेटेड म्हणजे प्री-अ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प वेगवेगळ्या पेट्यांत नसून एकत्र.

ही जोडी का जमते हे कळायचे तर अ‍ॅम्प्लिफायर करतो ती दोन कामे वेगळी करून पाहावी लागतात. सीडी प्लेअरमधून येणारा संदेश जेमतेम दोन व्होल्टचा असतो आणि रेकॉर्डवरच्या सुईकडून येणारा तर काही मिलिव्होल्टचा. पहिले काम हा संदेश उंचावण्याचे, म्हणजे व्होल्टेज वाढवण्याचे. दुसरे काम स्पीकरचा पडदा प्रत्यक्ष ढकलण्याचे. आठ ओहमच्या स्पीकरला शंभर वॉट द्यायचे झाले तर सुमारे २८ व्होल्टबरोबर साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. आता १२एयू७ हा घरोघरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दिसणारा छोटा व्हॉल्व्ह घ्या. त्यातून वाहणारा प्रवाह असतो दहा मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे स्पीकरच्या गरजेच्या शेकडो पटींनी कमी. व्होल्टेज उंचावणे ही या काचेच्या नळीची सहज कला आहे. अँपिअर पुरवणे हा तिचा पिंड नाही. सगळा हायब्रीडचा विचार या एका गोष्टीतून निघाला आहे.

आधी त्या नळीकडे पाहू. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन विद्युतअग्रांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र घातले, बारीक तारेची जाळी. साऱ्या ध्वनिवर्धनाचा जन्म त्या जाळीत आहे. हवा काढून घेतलेल्या काचेत मधोमध कॅथोडची छोटी नळी असते. तिच्या पोटातली तार तापून कॅथोडला ७५० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत नेते आणि त्यावरच्या ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. बाहेरच्या प्लेटवर शेदोनशे व्होल्टचा धन दाब असतो, त्यामुळे ते तिकडे धावतात. वाटेत ती जाळी. शेतात दारे धरणारा माणूस खोऱ्याने चार ढेकळे सारतो आणि साऱ्या पाटाचे पाणी वळते, तसेच इथे घडते. जाळीवर व्होल्टचा एखादा अंश हलला की प्लेटकडे जाणारा ओघ कमीजास्त होतो आणि गाण्याची क्षीण लाट मोठी होऊन बाहेर पडते. यात हलणारा भाग एकही नाही. जवळजवळ सव्वाशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही त्याच रूपात काम करते, याचे मला दरवेळी नव्याने नवल वाटते.

पण याच नळ्यांनी स्पीकरही चालवायचा म्हटले की अडचणी सुरू होतात. नळीचा आउटपुटचा अवरोध हजारो ओहमचा आणि स्पीकर आठ ओहमचा. दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. तो जड असतो, महाग असतो आणि चांगला गुंडाळणारे कारागीर मोजके असतात. शिवाय पॉवर व्हॉल्व्ह आवाज असो वा नसो, वीज खात राहतात आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीत आणखी एक शेगडी ठेवल्यासारखे होते. म्हणून दुसऱ्या कामासाठी कोणी दुसरा शोधणे शहाणपणाचे.

तो दुसरा म्हणजे क्लास डी. डी म्हणजे डिजिटल, असा गैरसमज दुकानदारही पसरवतात. ए, बी, सी हे वर्ग आधी झाले होते, म्हणून पुढचा डी, इतकेच. त्याचे तत्त्व घरातल्या पंख्यावरून समजते. जुना रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरचा जाडजूड ठोकळा. पंखा हळू केला की उरलेली वीज त्याच्या पोटातल्या रोधात जळायची आणि ठोकळा गरम व्हायचा. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रवाह अडवून धरत नाही, क्षणाक्षणाला तोडतो आणि जोडतो, म्हणून तो फारसा तापत नाही. नेहमीच्या क्लास ए आणि एबी अ‍ॅम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर त्या जुन्या ठोकळ्यासारखे अर्धवट उघडे राहतात. बी वर्गाची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नाही, ए वर्गाची तर फार तर पन्नास. क्लास डीमधले मॉसफेट, म्हणजे झटपट उघडझाप करू शकणारे एक प्रकारचे ट्रान्झिस्टर, एक तर पूर्ण उघडे, नाही तर पूर्ण बंद. प्रत्यक्षातली कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते.

मग गाणे कुठे गेले? ते उघडे राहण्याच्या वेळेत आहे. लाट वर असेल तेव्हा मॉसफेट जास्त वेळ उघडा, खाली असेल तेव्हा कमी वेळ. ही उघडझाप सेकंदाला साधारण तीन ते सहा लाख वेळा चालते, आणि माणसाचा कान वीस हजारांपाशी थांबतो. शेवटी एक वेटोळे आणि एक कपॅसिटर यांची गाळणी लावली की उघडझाप गळून जाते आणि तिची सरासरी, म्हणजे मूळ गाणे, स्पीकरकडे जाते. वरचा आणि खालचा मॉसफेट एकाच वेळी उघडे राहिले तर वीजपुरवठा थेट शॉर्ट होईल, म्हणून दोघांमध्ये काही नॅनोसेकंदांचे अंतर राखावे लागते. ते जास्त झाले तर आवाज खरबरीत होतो, कमी झाले तर चिप जळते. एवढ्या बारीक फटीवर सगळा तोल आहे.

कल्पना जुनी होती, साधने मात्र तिला उशिरा मिळाली. १९६४ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी इंग्लंडमध्ये एक्स-१० नावाचा क्लास डी संच विकायला काढला. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करणारे नव्हते आणि तो संच दहा वॉटांचे वचन पाळू शकला नाही. पुढे जलद मॉसफेट आले. अद्य त्रिपाठी यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या ट्रायपाथ कंपनीच्या टीए२०२० या चिपने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की स्वस्त, नखाएवढ्या वस्तूतून रसिकाने कान द्यावा असा आवाज निघू शकतो. डेन्मार्कमध्ये कार्स्टन नील्सन यांच्या संशोधनातून आइसपॉवर उभे राहिले. ब्रुनो पुत्झेस यांनी फिलिप्समध्ये यूसीडी आणि नंतर हायपेक्समध्ये एनकोर ही मंडले घडवली. पुत्झेस यांच्या कामातली एक गोष्ट खरेदीदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे पुन्हा येतो.

आता या जोडीतून कानाला काय मिळते ते सांगायला हवे. मराठी वाचकाला ते तानपुऱ्यावरून सांगता येते, आणि मिरजेचे तानपुरे ज्या प्रांतात बनतात तिथे दुसरे उदाहरण शोधायला जाऊ नये. तार छेडली की मूळ षड्जाबरोबर त्याच्या पोटातले उपस्वरही वाजतात. दुप्पट कंपनांचा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तिप्पट म्हणजे त्याच सप्तकातला पंचम. चौपट पुन्हा सा, आणि पाचपट म्हणजे गंधार, ज्याला आपण खर्जाच्या तारेतला स्वयंभू गंधार म्हणतो. घोडीवरची जवारी नीट लागली की हे सगळे उठून दिसतात. साध्या मांडणीतला ट्रायोड, म्हणजे तीन अग्रांचा व्हॉल्व्ह, मूळ संदेशात जी भेसळ, म्हणजे विकृती, करतो, तिच्यात सर्वांत मोठा वाटा या दुप्पट कंपनांच्या उपस्वराचा असतो. म्हणजे गाण्यात तो जे मिसळतो ते त्याच स्वराचे वरचे रूप असते. म्हणून कानाला ते खुपत नाही. सूर जरा भरल्यासारखा वाटतो. सातपट, नऊपट अशा वरच्या विषम उपस्वरांचे तसे नाही, ते षड्जाच्या घरात नीट बसत नाहीत आणि थोडे असले तरी कान टोचतात.

इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एकच स्वर असेल तेव्हा हे सारे सुंदर आहे, पण दोन स्वर एकत्र वाजले की हीच विकृती त्यांची बेरीज-वजाबाकी करून तिसरे-चौथे स्वर निर्माण करते, आणि ते रागात बसतीलच असे नाही. त्यामुळे व्हॉल्व्हचा रंग जितका जास्त तितका चांगला, हा हिशेब चुकीचा आहे. शिवाय जुन्या पूर्ण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा जो खास आवाज लोक आठवतात, त्याचा बराच भाग आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आणि त्यामुळे स्पीकरवर सैल पडणाऱ्या पकडीचा असे. हायब्रीडमध्ये तो ट्रान्सफॉर्मर नाही. खालचे स्वर घट्ट, तबल्याचा बायां बांधेसूद, आणि वर व्हॉल्व्हची हलकी छाया, असा त्याचा स्वभाव असतो. तो सैलावलेला मऊपणाच हवा असेल तर हायब्रीड घेऊ नये. पूर्ण व्हॉल्व्हचाच घ्यावा.

या घराण्यातला नमुनेदार इंटिग्रेटेड म्हणजे रोग ऑडिओचा स्फिंक्स. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॉडहेड्सव्हिल या गावी तो बनतो. पुढे दोन १२एयू७, मागे हायपेक्सची क्लास डी मंडले, आठ ओहमला शंभर वॉट आणि चार ओहमला दोनशे. रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो टप्पाही आत आहे. पीचट्री ऑडिओच्या नोव्हा१२५ मध्ये मांडणी निराळी होती : आइसपॉवरचे १२५ वॉट आणि पुढे ६एन१पी हा व्हॉल्व्ह, पण तो केवळ बफर म्हणून, म्हणजे व्होल्टेज न वाढवता संदेश पुढे देणारा, आणि रिमोटवरच्या बटणाने तो आत घेता किंवा बाहेर काढता येई. मला ते बटण फार प्रामाणिक वाटते. ऐकणाऱ्याला व्हॉल्व्ह नेमके काय करतो हे बसल्या जागी पडताळता येते. पीएस ऑडिओचा स्टेलर एम१२०० हा इंटिग्रेटेड नाही, पण १२एयू७ आणि आइसपॉवर यांची सांगड मोठ्या ताकदीला कशी नेता येते याचा तो दाखला आहे.

या प्रत्येकात व्हॉल्व्हला खरे काम आहे. खरेदी करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : तुमच्या पेटीतली ती काच राबते आहे की नुसती बसली आहे? बाजारात तळहाताएवढ्या चिनी पेट्यांवर ६जे१, ६के४ असे छोटे पेन्टोड, म्हणजे पाच अग्रांचे व्हॉल्व्ह, बसवलेले दिसतात आणि त्यांच्या बुडाशी एलईडी लावून काच नारिंगी नाही तर निळी चमकवलेली असते. प्लेटवर कित्येकदा पन्नास व्होल्टसुद्धा नसतात. १२एयू७ ला शंभर ते अडीचशे व्होल्ट लागतात तेव्हा तो मोकळा होतो. ईसीसी८८ मात्र नव्वद व्होल्टवर उत्तम चालणारा व्हॉल्व्ह आहे, म्हणून केवळ आकड्यावर न जाता व्हॉल्व्ह कोणता आणि त्याला किती दाब दिला आहे, हे दोन्ही एकत्र विचारावे. खरा हीटर तापायला वेळ घेतो. त्याची धग मंद, आतून डोकावणारी असते आणि बटण दाबताक्षणी लखलखत नाही. याहून पक्की परीक्षा हवी असेल तर विक्रेत्याला पेटी बंद करून, थोडा वेळ थांबून एक व्हॉल्व्ह काढायला सांगावे. तो काढूनही दोन्ही बाजू पूर्वीसारख्याच वाजत असतील, तर ती शोभेची काच आहे. हे काम स्वतः करू नये, कारण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक दाब शिल्लक राहतो.

दुसरा प्रश्न वॉटांचा, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप ३१५ वॉटांची म्हणून विकली जाते. ती खरोखर समर्थ चिप आहे; पण तो आकडा चार ओहमला आणि दहा टक्के विकृतीला आहे. दहा टक्के विकृतीचा आवाज कोणी ऐकत नाही. त्यातच पेटीबरोबर ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर दिलेला असेल, तर त्याच्याकडून येणारी वीजच मुळात १६० वॉट. दोन्ही बाजू मिळून त्यापेक्षा जास्त ताकद सतत बाहेर पडणे शक्य नाही. म्हणून अ‍ॅडॉप्टरवरच्या दोन आकड्यांचा गुणाकार दुकानातच करून पाहावा. आठ ओहमला, एक टक्क्याहून कमी विकृतीला, दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना किती वॉट, एवढेच विचारावे. उत्तर मिळत नसेल तर पुढे जावे.

वॉट किती हवेत याचे उत्तर स्पीकरवर अवलंबून आहे. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो. पन्नास वॉटला तो १०४ वर जातो आणि शंभरला १०७ वर. दुप्पट वॉटांनी मिळतात फक्त तीन डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहा लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत ख्याल ऐकणाऱ्याला पन्नास खरे वॉट भरपूर झाले. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत, कारण एका अ‍ॅम्प्लिफायरहून दुसऱ्यात जो फरक आहे त्याच्या कितीतरी पट फरक एका स्पीकरहून दुसऱ्यात असतो.

आता पुत्झेस यांची ती गोष्ट. क्लास डीच्या शेवटी जी गाळणी असते, तिचे वर्तन स्पीकरच्या अवरोधावर अवलंबून असते. फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी बाहेरच्या संदेशाचा मागे वळवलेला अंश, गाळणीच्या आधीच घेतला असेल तर आठ ओहमच्या स्पीकरबरोबर वरचे सूर चढे आणि चार ओहमबरोबर पडके होऊ शकतात. एकाच पेटीबद्दल एक जण ‘कर्कश’ म्हणतो आणि दुसरा ‘मंद’, ते कित्येकदा यामुळे. पुत्झेस यांच्या यूसीडीत फीडबॅक गाळणीच्या पलीकडून, थेट स्पीकरच्या टोकापासून घेतला जातो. म्हणून स्पीकर कोणताही असो, सूर जागेवर राहतात. हायपेक्स आणि त्यांच्या नंतरच्या प्युरिफाय मंडलांची ख्याती या पायावर उभी आहे. माझ्या मते व्हॉल्व्हच्या नावापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. मागचा टप्पा चढा-पडका असेल तर पुढचा कोणताही व्हॉल्व्ह त्याला सावरू शकत नाही.

आपल्याकडच्या काही गोष्टी परदेशी माहितीपत्रकात सापडत नाहीत. अमेरिकेहून कोणी नातेवाईक आणून देणार असेल तर पेटी २३० व्होल्टची आहे ना, हे आधी लिहून घ्यावे. १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इथे जोडला तर जळू शकतो. साधा चौकोनी लाटेचा घरगुती इन्व्हर्टर असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, म्हणून दिवे गेल्यावर गाणे थांबवावे किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर सतत ‘हुं’ असा आवाज येऊ लागला, तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगच्या वेढ्याचा असतो, व्हॉल्व्हचा नव्हे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हच्या पिना काळवंडतात. वर्षातून एकदा जाणकाराकडून सॉकेट साफ करून घ्यावे. अनेक क्लास डी पेट्यांमध्ये स्पीकरची दोन्ही टोके जिवंत असतात. काळे टोक अर्थला किंवा दुसऱ्या बाजूच्या काळ्या टोकाला कधीही जोडू नये.

व्हॉल्व्ह बदलावे लागतील या भीतीने पुष्कळ जण मागे सरतात. छोटा सिग्नल व्हॉल्व्ह साधारणपणे पाच ते दहा हजार तास टिकतो. रोज चार तास ऐकले तर वर्षाला १४६० तास होतात, म्हणजे तीन वर्षे तरी काळजी नाही. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकियातून, रशियातल्या साराटोव्हहून आणि चीनमधून येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे चौकशी केली की वाट सापडते. बदलताना आकडा तोच ठेवावा. १२एयू७ च्या जागी १२एएक्स७ बसतो खरा, पण त्याचा वर्धनांक १०० आणि मूळचा सुमारे २०, त्यामुळे मांडणीच बिघडते. ईसीसी८८ तर तिथे चुकूनही घालू नये; त्याचा हीटर ६.३ व्होल्टचा आहे आणि पिनांची जोडणीही वेगळी.

दुकानात जाताना आपली ध्वनिमुद्रिका बरोबर न्या, आणि ती अशी असू द्या की गायक सुरू होण्याआधी दोन मिनिटे नुसता तानपुरा वाजतो. व्हॉल्व्ह तापायला वीस मिनिटे द्या. मग आवाज घरी जेवढा ठेवता तेवढाच ठेवून डोळे मिटा आणि खर्जाच्या तारेतला गंधार शोधा. ज्या पेटीतून तो आपोआप ऐकू येतो आणि तबला सुरू झाल्यावरही हरवत नाही, ती घरी आणा.